गिऱ्हाईकाचं आडनाव सांग

देवकते बाईंनी आमच्या केंद्रात पाऊल टाकलं आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या खुर्च्या बाहेर काढल्या. एक नाही, दोन नाही, चाळीसच्या चाळीस. मी तिथला क्लार्क. रजिस्टर माझं, चाव्या माझ्या आणि त्या खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेले, तेही माझ्याच हाताने. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका संस्थेनं हे उद्योजकता प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. वर एक हॉल आणि खाली माझं ऑफिस, एवढाच पसारा. आवाज आला म्हणून वर गेलो, तर व्हरांड्यात खुर्च्यांच्या थप्प्या आणि हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली.

"बाई, हे काय चाललंय?"

"वर्ग चालू करून राह्यले, भाऊ."

"आणि खुर्च्या?"

"खुर्ची कमवायची असती. तुमी रजिस्टर सांभाळा."

मला राग आला. आला म्हणजे चांगलाच आला. पन्नाशीची बाई, साधी सुती साडी, खांद्याला बाजारची पिशवी, केदारखेड्याहून एसटीने धक्के खात आलेली, आणि मला सांगते रजिस्टर सांभाळा! मी त्याच दिवशी संस्थेच्या सचिवांकडे तक्रार केली. सचिव म्हणाले, महिनाभर बघू. त्या महिन्याची पुढे सहा वर्षं झाली आणि ती तक्रार कुठल्या फायलीत गेली ते मला स्वतःलाही आता सापडायचं नाही.

खुर्चीचा नियम असा होता. ज्याला धंदा करायचाय त्यानं आधी बाजारात जायचं, अनोळखी माणसांना आपला माल किंवा कल्पना सांगायची आणि दहा नकार घेऊन यायचे. होकार नाही, नकार! प्रत्येक नकारापुढे माणसाचं आडनाव आणि तो नको का म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. दहा भरले की खुर्ची मिळणार, तोपर्यंत सतरंजी. कॉलेजच्या पोरापोरींना यात गंमत वाटायची. खरी पंचाईत व्हायची ती रविवारच्या वर्गाची, कारण त्यात सगळी नोकरदार, शिकलेली, इस्त्रीच्या कपड्यातली माणसं.

शेवटच्या वर्षीच्या रविवारच्या वर्गात गायके नावाचा एक इंजिनीअर होता. लोखंडाच्या कारखान्यात चांगली नोकरी आणि डोक्यात मिरची वाळवायचं सौर यंत्र. पहिल्याच दिवशी त्यानं भिंतीवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. रंगीत गोल, चढत्या रेघा, भोकरदनच्या मिरचीचे फोटो. बाई सतरंजीवर मांडी घालून ऐकत होत्या. तो म्हणाला, "मॅडम, याचं मार्केट प्रचंड आहे."

"असंल की. कोन घेनार?"

"मिरची उत्पादक शेतकरी."

"आडनाव सांगा."

"म्हणजे?"

"मार्केट यंत्र घ्यायला येत नसतं, साहेब. मानूस येतो आन त्याला आडनाव असतं. एक सांगा."

गायके थांबला, भिंतीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "माझे मामा घेतील."

सगळा वर्ग खो खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मामाचा हो धरायचा न्हाई. तो भाच्याला हो म्हनतो, यंत्राला न्हाई. नातेवाईक बिलकुल धरायचा न्हाई. जा, बाजारात जा." बिचारा तीन रविवार सतरंजीवर बसला. पँटची इस्त्री पार गेली.

त्या वर्गात पहिली खुर्ची पटकावली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांना गावोगाव फिरता दवाखाना काढायचा होता. बदनापूरच्या बाजारात जाऊन त्या दहाच्या जागी अकरा नकार घेऊन आल्या. एक आजी त्यांना म्हणाली होती, "दात गेले तेच बरं झालं माय, तवापासून सून भाकर मऊ करून वाढती." बाईंनी हे मोठ्यानं वाचलं आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "ह्या आजीला दात नको हायत. तिला मऊ भाकर पायजे. तुमी काय इकनार हाय त्याचा इचार करा." डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत बसून आजीचं ते वाक्य पुन्हा वाचलं.

बाईंची शिकवणी हॉलपुरती असती तर ठीक होतं. पण ती बस स्टँडवरही चालायची. स्टँडच्या तोंडाशी एक बाई पेरूची पाटी घेऊन बसायची. लोक भाव कमी करून मागतात, आमच्या बाई तो वाढवायला लावत. "अगं, हे मोठे आन हे बारके एकाच भावात कशाला? येडी हायस का? येगळे काढ." पेरूवाली संशयानं बघायची. "तुमाला घ्यायचेत का न्हाईत?" बाई खाली बसल्या आणि स्वतःच्या हातांनी पाटीतले पेरू निवडायला लागल्या. मोठे एकीकडे, बारके दुसरीकडे, डागाळलेले तिसरीकडे. तेवढ्यात बाईंना घरी नेणारी भोकरदनची एसटी निघून गेली. मी ओरडत होतो, पण ऐकतंय कोण! आठवड्यानंतर बाई पेरू घ्यायला गेल्या तर ती म्हणते, "मोठ्याचा भाव येगळा हाय बाई, परवडत असंल तर घ्या." बाईंनी वरच्या भावानं पेरू घेतले आणि केंद्रात सगळ्यांना एकेक फोड वाटत ही हकिकत चार वेळा सांगितली. पोरगी पहिली आल्यावर आईला होतो तसा आनंद झाला होता त्यांना.

साडेबाराला त्या बोलता बोलता थांबायच्या. वाक्य अर्धं असलं तरी. पिशवीतून भाकरी काढायच्या. भाकरी, भाजी, कांदा सगळ्यांना द्यायच्या, पण ठेचा कोणाला नाही. गायके एकदा म्हणाला, "बाई, हा ठेचा विकायला काढा, मी आडनावांची यादी देतो." तर म्हणतात, "गिऱ्हाईक लई हाय त्याला. मला इकायचा न्हाई. सगळंच इकायचं नसतं, गायके." आणि डबीचं झाकण लावून टाकलं.

दोषही होते, का नसावेत? बाईंना हार सोसायची नाही. पोरगं अडलं की त्यांचा धीर सुटायचा आणि त्या त्याचं काम स्वतःच करून टाकायच्या. फोन हिसकावून घ्यायच्या आणि गिऱ्हाईकाशी स्वतःच बोलायला लागायच्या. "बाई, त्याला बोलू द्या," मी म्हणायचो. "त्याला जमून नाही राह्यलं, भाऊ!" आणि बोलत राहायच्या. कधी कधी रागाच्या भरात असं काही बोलायच्या की पोरी रडत खाली माझ्याकडे यायच्या. माफी त्यांनी कधी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या भाकरीवर भाजी जास्त पडायची, एवढंच.

आता द्वारकेची गोष्ट. बाईंची आठवण निघाली की मला तीच आधी आठवते.

द्वारका जाफराबादकडच्या एका वस्तीवरची. घर मेंढपाळांचं. नवरा जालन्याच्या कारखान्यात हमालीला, घरी सासरा भिवाबा, दोन लेकरं आणि शंभरावर मेंढ्यांचा कळप. रब्बीची पिकं निघाली होती, वावरं मोकळी झाली होती, त्या दिवसांत ती जीपमध्ये दाटीवाटीनं बसून केंद्रात आली. घोंगड्या विणून विकायच्या म्हणाली. तिला कोणीतरी तसं सांगितलं होतं.

"घोंगडी कोन घेनार? आडनाव सांग."

द्वारका एकदम रडायलाच लागली. "आबा कळप इकून राह्यले, बाई. यापारी सोमवारी येनार हाय. काहीतरी दाखवलं तर थांबतील म्हनून घोंगडीचं बोलले मी. मला न्हाई येत इनता."

बाईंनी तिला पाणी दिलं. रडू दिलं. मग विचारलं, "आत्ता, आजच्या घडीला, तुमाला लोक कशाचं देतात?"

"कशाचं न्हाई. मेंढ्या बसवल्या तर धान्य देतात. पन आता कोन बोलवतंय?"

शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. मेंढ्या बसवायच्या म्हणजे कळप रात्री शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरात जाळी लावून कोंडायचा. लेंड्या-मुताचं खत आपोआप वावरात पडतं, शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम.

बाई ताडकन उठल्या. त्याही मेंढपाळाच्याच लेक होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. "माझा बाप मेंढ्यांच्या झोपेचं धान्य घ्यायचा, भाऊ! जगात कुनाला झोपेचं काय मिळतं का? आन ही घोंगड्या इनायला निघाली!" मग द्वारकेकडे वळल्या. "चल. आधी म्हाताऱ्याला भेटू. भाऊ, रजिस्टर घ्या."

"माझं रजिस्टर कशाला?"

"कोरं हाय न्हवं? चला जल्दी."

वस्तीवर भिवाबा बाभळीखाली बसले होते. गुडघे कामातून गेलेले, पण मान ताठ. बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मला मेंढ्या इकायची हौस न्हाई. पन लोक आता गोन्यातलं खत टाकत्यात. आपन दारात जाऊन हुबं राहायचं, आन त्यानं नको म्हनायचं. ह्या वयात न्हाई सोसत मला." मग म्हणाले, "एकामागं एक सहा वावरं दाखवा. बोलावलेली. मंग न्हाई इकत."

आमच्या हातात पाच दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून द्वारका नकार गोळा करायला लागली, आणि नकार काय हो, ढिगानं मिळाले! बाईंनी ते हॉलमध्ये वाचायला घेतले. पहिला: मागच्या साली बोलावलं, नांगरट झाल्यावर आले. दुसरा: कवा येतात, कवा जातात पत्ता नसतो. तिसरा: वाट बघून बघून मी गोण्या आणल्या. चौथाही तसाच. पाचवा बदनापूरच्या अलीकडच्या एका मोसंबीवाल्याचा, त्याचं आडनाव शेळके: मेंढ्या बागेचा पाला खातात. मग पुन्हा तेच, तारीख, तारीख, तारीख.

बाई वाचता वाचता थांबल्या. "द्वारका, ह्यात मेंढ्या नको कोन म्हनलं?"

द्वारकेनं कागद हातात घेतला. बोट ठेवून ठेवून वाचला. तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला अजून दिसतं. "कुनीच न्हाई," ती म्हणाली. "बाई, कुनीच न्हाई म्हनलं! शेळके सोडले तर समद्यांना तारीख पायजे!"

अहो, मी क्लार्क माणूस, मला धंद्यातलं काय कळतं, पण अंगावर काटा आला माझ्या. ज्या नकाराला घाबरून म्हातारा बाभळीखाली बसला होता, तो नकार कोणी दिलाच नव्हता.

द्वारका त्याच माणसांकडे परत गेली. या वेळी तारीख घेऊन. अमुक वारी येणार, चार रात्री बसणार, नांगरटीच्या आधी निघणार. माझ्या रजिस्टरात हजेरीच्या रकान्यात वावरांची नावं चढायला लागली. शनिवारपर्यंत पाच झाली, सहावं काही केल्या मिळेना. संध्याकाळी मी बघतो तर सहाव्या ओळीत बाईंच्या अक्षरात एक नाव: देवकते, केदारखेडा.

द्वारकेनंही ते बघितलं. "बाई, हे कोन?"

"माझा दीर हाय. वावर मोकळं हाय त्याचं. झाले सहा."

द्वारकेनं माझ्या हातातला पेन घेतला आणि त्या नावावर काट मारली. माझं रजिस्टर, त्यात खाडाखोड, आणि तीही माझ्याच पेनानं!

"येडी हायस का?" बाई कडाडल्या. "परवा कळप जाईल तुझा!"

"जाऊ द्या. पन नातेवाईक धरायचा न्हाई, बाई. तुमचे दीर तुमाला हो म्हनले. मेंढ्यांना न्हाई." ती मागे हटली नाही. "आबांना दारात बोलावलेलं पायजे. उपकार केलेला नको."

बाई व्हरांड्यात निघून गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते. "बराबर हाय तुझं," एवढंच म्हणाल्या. सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते शब्द पहिल्यांदा ऐकले, आणि खरं सांगतो, मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की जणू माझीच मुलगी.

रविवारी सगळा वर्ग कामाला लागला. गायकेनं लॅपटॉपवर पाचही वावरांचा नकाशा काढला, सरळ रेघा मारल्या, प्रत्येक दिवसाला ठिकाण दिलं. एखाद्या कारखान्याची पाळी लावावी तसं चोख. द्वारकेनं नकाशा बघितला आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं?"

"साहेब, चौथ्या आन पाचव्या वावराच्या मधी नवा महामार्ग हाय. दोन्ही अंगाला जाळी. मेंढ्या काय उडून जातील का?"

गायकेनं कपाळाला हात लावला. मोटारींच्या हिशेबानं काढलेली रेघ त्यानं मेंढ्यांना दिली होती. पुलाखालून वळसा घालायचा तर वाटेत चार-पाच मुक्काम जास्त पडणार. सगळ्यांची तोंडं उतरली. तारखांचं सगळं गणित कोसळलं होतं.

द्वारका मात्र नकाशावर वाकून बघत होती. "ह्या पुलापाशी कुनाचं वावर हाय?"

गायकेनं नाव शोधलं. शेळके, मोसंबीवाले.

"त्यांनी तर न्हाई म्हनलंय," मी म्हणालो.

"बागेला न्हाई म्हनलंय. बागेच्या पलीकडं पडीक तुकडा हाय त्यांचा, मी बघितलाय. पुढल्या साली नवी कलमं लावनार म्हनत व्हते." तिनं फोन उचलला. बाईंचा हात फोनकडे गेलेला मी बघितला. तो हात त्यांनी दुसऱ्या हातानं धरून खाली आणला आणि मांडीवर दाबून ठेवला.

द्वारका बोलली. बागेत एक मेंढी शिरणार नाही, जाळी पडीक तुकड्यात लागेल, पाच रात्री बसतील, कलमांच्या खड्ड्यांना खत आयतं मिळेल. तारीख सांगितली. पलीकडचं बोलणं ऐकून घेतलं. मग तिनं फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "या म्हनले. पाच न्हाई, सात रात्री बसा म्हनले."

त्या हॉलमध्ये जो गलका झाला! डॉक्टरीणबाईंनी द्वारकेला मिठी मारली, गायके सतरंजीवर उड्या मारत होता आणि माझ्या खुर्च्या धडाधड पडत होत्या. मीही टाळ्याच वाजवत होतो.

पाचव्या वावरवाल्याची तारीखही द्वारकेनं त्याच संध्याकाळी फोन करून पुढं घेतली. सोमवारी सकाळी व्यापारी पिकअप घेऊन आला, तेव्हा द्वारकेनं सासऱ्यासमोर रजिस्टर धरलं आणि एकेक नाव वाचलं. तिसऱ्या नावाला भिवाबांनी हात वर केला. "ह्यांच्या वावरात माझ्या बापानं मेंढ्या बसवल्त्या." सहावं नाव झालं. म्हाताऱ्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग व्यापाऱ्याला म्हणाला, "चहा घेऊन जा, पाव्हनं. गाडी मोकळीच न्यावी लागंल." व्यापाऱ्यानं चहा घेतला आणि मोकळी गाडी घेऊन गेला.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीस बाईंची आमच्याकडची मुदत संपली. परभणीकडच्या एका केंद्रानं त्यांना बोलावलं होतं. जाण्याआधी म्हणाल्या, "भाऊ, एकदा कळप बघून येऊ." आम्ही सकाळच्या जीपनं निघालो. कळप तेव्हा शेळक्यांच्या पडीक तुकड्यात होता. जाळी अजून काढायची होती, मेंढ्या उठून अंग झाडत होत्या, द्वारका लंगड्या कोकराचा पाय बघत होती. बांधावर भिवाबा उभे होते, आणि त्यांच्यासमोर दोन शेतकरी एकमेकांशी भांडत होते. भांडण कशावरून, तर पुढच्या हंगामात मेंढ्या आधी कोणाच्या वावरात यायच्या यावरून.

बाईंना राहवलं नाही. पिशवी सावरत भराभरा बांधावर चढल्या आणि दोघांच्या मधे जाऊन म्हणाल्या, "हे बघा, मी सांगते, असं करू..."

भिवाबांनी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. नुसता हात आडवा केला. "बाई, तुमी जरा सरका. मी बोलून राह्यलो न्हवं."

बाई दोन पावलं मागं सरकल्या, मग आणखी दोन, आणि बांधाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. तोंडावर हात दाबून धरला होता, खांदे हसण्यानं हलत होते. भिवाबा ताठ मानेनं त्या दोघांना तारखा सांगत होते, आणि देवकते बाई, ज्यांनी आयुष्यात कधी कोणाचं ऐकलं नसेल, एक शब्द न बोलता ऐकत उभ्या होत्या.